दुपारनंतर पंज्याची पकड का सुटते? लोडरच्या बकेटवर पंजा बसवलेल्यांसाठी

"भाऊ, सकाळी बाभळीचा बुंधा धरला तर हालला नाही. आता पऱ्हाटीबी धरीना." आमचा ड्रायव्हर दुपारी दीड वाजता हे सांगायला आला, तेव्हा मी समजलो की सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी रिंग, पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा. पंजा बसवून चारच महिने झाले होते.

सील गेलंच नव्हतं. आधीच्या दोन वेळीही बहुधा गेलं नव्हतं. हे कळायला मला आख्खा उन्हाळा लागला आणि पैसे गेले ते वेगळेच. आमच्या मराठवाड्यात आता बऱ्याच जणांनी ट्रॅक्टरच्या लोडरवर असा पंजा बसवून घेतला आहे. कोणी पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) उचलायला, कोणी वेडी बाभूळ काढायला, कोणी उसाचं पाचट भरायला. तक्रार मात्र सगळ्यांची एकच ऐकू येते: थंड असताना घट्ट धरतो, तास-दोन तास चालला की ढिला पडतो. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी आमची मांडणी सांगतो. ५० एचपीचा ट्रॅक्टर, पुढे लोडर. लोडरला स्वतःचा पंप, स्वतःची तेलाची टाकी. आधी दोन लिव्हरचा व्हॉल्व्ह होता, एक बूमला (लोडरचे वर-खाली होणारे हात) आणि एक बकेटला. पंजा बसवताना तो काढून तीन लिव्हरचा बसवला. पंज्याला एकच जॅक (तेलाच्या दाबाने रॉड ढकलणारा सिलिंडर), ५० मिलिमीटर बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, ३० मिलिमीटर रॉडचा. रॉड बाहेर आला की पंजा मिटतो, आत गेला की उघडतो. रिलीफ, म्हणजे दाब ठरलेल्या हद्दीवर गेला की तेल टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह, १५० बारला लावलेला. या दाबाला ५० च्या बोअरचा जॅक सुमारे ३ टनाने ढकलतो. पंज्याच्या टोकाला त्यातलं चौथाईच्या आसपास पोचतं, कारण जॅकची पिन बिजागरीच्या जवळ असते आणि टोक लांब. तरी पाऊण टन म्हणजे बुंधा धरायला पुष्कळ झाले.

लिव्हरला बांधलेली ट्यूबची पट्टी

मी त्या दिवशी ट्रॅक्टरवर चढलो तर तिसऱ्या लिव्हरला सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी गुंडाळलेली दिसली. एक टोक लिव्हरच्या मुठीला, दुसरं सीटच्या पाईपला. पट्टी ताणून लिव्हर मागे ओढून ठेवलेली. पंजा सुटतो म्हणून ड्रायव्हरने काढलेला उपाय. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. डोक्यावर ऊन, समोर ट्रॉली उभी, माल हातातून निसटतोय, कोणीही हेच करील. तुमच्याकडे पट्टी नसेल, पण ड्रायव्हर एका हाताने ती लिव्हर सतत दाबून धरत असेल, तर प्रकार तोच.

पण या पट्टीनेच आमचं दुखणं वाढवलं. पंजा मिटलेला आहे, रॉडला पुढे जायला जागा नाही आणि लिव्हर ओढलेली आहे. अशा वेळी पंपाचं सगळं तेल रिलीफमधून दाबाने टाकीत परत जातं. पंप मिनिटाला ३० लिटर तेल देत असेल आणि रिलीफ १५० बारला उघडत असेल, तर हिशेबाने साडेसात किलोवॉट उष्णता त्या तेलात जाते. घरातला गीझर २ किलोवॉटचा असतो. म्हणजे जवळजवळ चार गीझर लावून आपण लोडरची टाकी तापवतो, तेही परभणी-जालन्याच्या मे महिन्यात, जेव्हा सावलीतच ४२-४३ अंश असतात.

तापलेलं तेल पातळ होतं. आपल्याकडे लोडरला बहुतेक ६८ नंबरचं तेल घालतात. हा ६८ म्हणजे ४० अंशाला असलेला दाटपणा, सेंटीस्टोकमध्ये मोजलेला. तेच तेल १०० अंशाला गेलं तर दाटपणा ८-९ वर येतो. टाकीला हात लावला आणि क्षणभरही ठेववत नसेल, तर तेल ६० च्या वर गेलंय असं समजा. पातळ तेल कुठल्याही फटीतून जास्त वेगाने निसटतं. मग पकड आणखी लवकर सुटते, ड्रायव्हर पट्टी आणखी ओढतो, तेल आणखी तापतं. सकाळी चांगलं आणि दुपारी वाईट, याचं कारण हे आहे.

तेल निसटतं कुठून

आम्ही सगळे जॅकच्या सीलकडे बोट दाखवतो, कारण सील हा शब्द सगळ्यांना माहीत आहे आणि सील किट कोणत्याही तालुक्याला मिळतं. ज्या वर्कशॉपमध्ये मी पंजा बसवला, तिथेही दोनदा काही न तपासता किट बदललं. नवं सील टाकलं की चार दिवस बरं वाटायचं. खरं तर जॅक खोलायला ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहायचा, तेल गार व्हायचं, टाकीत थोडं नवं तेल पडायचं. बरं वाटण्याचं कारण ते होतं.

तेल निसटत होतं लिव्हरच्या व्हॉल्व्हमधून. व्हॉल्व्हच्या आत जो दांडा मागेपुढे सरकतो, त्याला स्पूल म्हणतात. या स्पूलला रबराचं सील फक्त दोन टोकांना असतं, तेल बाहेर गळू नये म्हणून. आतल्या खोबणींमध्ये लोखंडाला लोखंड. स्पूल सरकायचा तर बारीकशी फट ठेवावीच लागते, आणि त्या फटीतून तेल झिरपतंच. कोराकरकरीत व्हॉल्व्ह आणला तरी झिरपतं. व्हॉल्व्ह खराब आहे असं नाही, तो बनतोच तसा. बूम रात्रभर उंच ठेवला तर सकाळी खाली आलेला दिसतो, त्याचं नेहमीचं कारण हेच.

बूमला चार इंच खाली आल्याने फरक पडत नाही. पंज्याला पडतो. इथे एक हिशेब मी मुद्दाम मांडतो, कारण तो कळला तेव्हा माझे डोळे उघडले. आमच्या जॅकची चाल ३०० मिलिमीटर. पूर्ण बाहेर असताना त्यात साधारण ६०० मिलिलिटर तेल मावतं. तेल दाबलं जात नाही असं आपण म्हणतो, पण थोडं दाबलं जातंच: १५० बारला सुमारे एक टक्का. म्हणजे ६ मिलिलिटर. होज थोडा फुगतो, त्याचे आणखी काही थेंब धरा. आपली सगळी पकड, तो पाऊण टनाचा जोर, एवढ्याशा जादा कोंबलेल्या तेलावर उभा आहे. चहाच्या चमचाभर तेल स्पूलमधून मागे गेलं की दाब शून्यावर. पंजा जागचा हललेला दिसतही नाही, डोळ्याला मिटलेलाच दिसतो, पण बुंधा सरकून खाली येतो.

तपासायचं कसं

दोन वस्तू आणा. एक २५० बारचा ग्लिसरीनचा प्रेशर गेज, दुसरा तीन सुती (३/८ इंची) हाय-प्रेशर बॉल व्हॉल्व्ह, किमान ३१५ बारचा. नळाच्या दुकानातला पितळी कॉक चुकूनही लावू नका, तो फुटला तर माणूस जाईल.

खोलण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, पंजा उघडून मोकळा सोडा, इंजिन बंद करा आणि तिन्ही लिव्हर दोन-तीनदा पुढेमागे करा. त्याशिवाय एकही नट ढिला करू नका. आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून तेलाची धार येतेय अशी शंका असेल तर तिथे हात फिरवून बघू नका. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. १०० बारची ती धार कातडीतून आत शिरते. वर फक्त डास चावल्यासारखा ठिपका दिसतो, दुखत पण नाही फारसं, पण आत तेल पसरत जातं आणि बोट कापायची वेळ येते. असं झालं तर हळद लावून बसू नका, तासाभरात शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठा आणि हायड्रॉलिक तेल आत गेलंय हे शब्द डॉक्टरांना सांगा.

जॅकच्या मागच्या बाजूच्या पोर्टला, म्हणजे ज्यात तेल गेल्यावर पंजा मिटतो तिथे, टी (तीन तोंडांचा जोड) टाकून गेज लावा आणि त्याच्या मागे होजच्या बाजूला तो बॉल व्हॉल्व्ह. आता जाडजूड लाकूड पंज्यात धरा, बकेट जमिनीला टेकलेलीच असू द्या. लिव्हर ओढून दाब १५० ला आला की लिव्हर सोडा आणि घड्याळ बघा.

हे गार तेलावर एकदा आणि तासभर काम केल्यावर एकदा करा. आमच्याकडे सकाळी काटा १५० वरून पन्नासवर यायला चार मिनिटं लागली. दुपारी अर्ध्या मिनिटात काटा खाली.

मग खरी परीक्षा. पुन्हा दाब भरा आणि या वेळी लिव्हर सोडायच्या आधी बॉल व्हॉल्व्ह बंद करा. आता जॅकचं तेल आणि लिव्हरचा व्हॉल्व्ह यांचा संबंध तुटला. काटा तरीही घसरला तर जॅकच्या आतलं पिस्टनचं सील गेलंय, तेल एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातंय. काटा जागच्या जागी राहिला तर जॅक निर्दोष आणि गळती स्पूलची. आमचा काटा दहा मिनिटं हलला नाही. दोनदा सील बदललेला तो जॅक अगदी ठणठणीत होता. त्या वेळी मला झालेला संताप मी इथे लिहीत नाही.

काटा घसरला आणि तुम्हाला खात्री करायची असेल, तर पंजा रिकामा पूर्ण मिटवा, दाब सोडा, रॉडकडच्या बाजूचा होज खोलून त्या पोर्टखाली डबा ठेवा. खोललेल्या होजच्या तोंडाला प्लग लावायला विसरू नका. मग इंजिन चालू करून मिटवण्याच्या बाजूने दाब द्या आणि बाजूला उभे राहा. डब्यात सुरुवातीला थोडं पडेल, पण पडतच राहिलं तर सील बदला.

सील खरोखरच जात असेल आणि वारंवार जात असेल, तर किट बदलण्याआधी रॉड बघा. फडक्याने स्वच्छ पुसून अंगठ्याचं नख रॉडवर वरपासून खालपर्यंत हळू फिरवा, चारही बाजूंनी. नख कुठेही अडकायला नको. आमच्या शेजारच्या गावातल्या एका लोडरच्या रॉडवर मसुराच्या दाण्याएवढे तीन काळे ठिपके निघाले. पंज्याचे कान बकेटला वेल्डिंग करताना रॉड उघडा होता आणि ठिणग्या त्यावर बसल्या होत्या. क्रोमवर चिकटलेला तो दाणा प्रत्येक फेरीला ग्लँडचं, म्हणजे रॉड जिथून बाहेर येतो त्या तोंडाचं, सील कापत होता. वेल्डिंग करताना रॉड पूर्ण आत घ्या, नाही तर ओलं पोतं गुंडाळा. आणि वेल्डिंगची अर्थिंग क्लँप थेट बकेटला, वेल्डच्या जवळ लावा. ट्रॅक्टरच्या चेसिसला लावली तर करंट पिना-बुशांतून आणि जॅकमधून जातो आणि तिथे ठिणगी पडून पिना खवल्यासारख्या होतात. बॅटरीची अर्थ वायर आधी काढायची, हे सांगायला नको.

लॉक व्हॉल्व्ह लावला, तरीही सुटला

स्पूल झिरपणारच, तर जॅकच्या तोंडाशी दार बसवायचं. त्याला आपल्याकडे लॉक व्हॉल्व्ह म्हणतात, कॅटलॉगमध्ये पायलट चेक व्हॉल्व्ह. यात स्पूलसारखी फट नसते. लोखंडी शंकू किंवा गोळी आपल्या बैठकीवर घट्ट बसते आणि तेल मागे जाऊ देत नाही. पंजा उघडायला लिव्हर ढकलली की उघडण्याच्या लाईनचा दाब ती गोळी ढकलून दार उघडतो.

मी आणला, बसवला. बुंधा धरला, लिव्हर सोडली, काटा स्थिर. मनात म्हटलं, संपलं. बूम उचलायला लिव्हर ओढली आणि समोर बुंधा दणकन जमिनीवर. कोणी जवळ नव्हतं हे नशीब.

ही अडचण मी एकट्याने सोडवू शकलो नसतो. आमच्या भागात जुन्या पोकलेनवर काम केलेले एक मिस्त्री काका आहेत. त्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "तिसरा स्पूल सिलिंडरचा हाय का मोटरचा?" मला प्रश्नच कळला नाही. तुम्हालाही कळला नसेल तर पुढचं नीट वाचा, कारण लॉक व्हॉल्व्ह लावूनही रडणारे बहुतेक लोक इथेच अडकतात.

साध्या लिव्हर व्हॉल्व्हचा स्पूल मधोमध आला की जॅककडे जाणाऱ्या दोन्ही लाईन बंद करतो. त्याला सिलिंडर स्पूल म्हणतात. बूम-बकेटला तोच हवा. पण तीन लिव्हरच्या व्हॉल्व्हमध्ये पंपाच्या दाबाची गल्ली तिघांना एकच असते. बूम उचलला की त्या गल्लीत दाब चढतो, आणि तिसऱ्या स्पूलच्या फटीतून झिरपून पंज्याच्या दोन्ही बंद लाईनमध्ये जमा होतो. उघडण्याच्या लाईनमध्ये असा दाब साठला की लॉक व्हॉल्व्हला वाटतं ड्रायव्हरने उघडायला सांगितलं. गोळी ढकलायला जॅकमधल्या दाबाच्या चौथ्या हिश्श्याइतका दाबही पुरतो, कारण पायलटचा पिस्टन मुद्दाम मोठा केलेला असतो. दार उघडतं, माल पडतो.

मोटर स्पूल मधोमध आला की दोन्ही लाईन टाकीला मोकळ्या सोडतो. झिरपलेलं तेल जमतच नाही, सरळ टाकीत जातं. लॉक व्हॉल्व्हच्या मागे कधीही दाब उरत नाही आणि गोळी घट्ट बसलेली राहते. म्हणून नियम पक्का: जिथे लॉक व्हॉल्व्ह, तिथे मोटर स्पूल. आणि उलटही तितकंच खरं. लॉक व्हॉल्व्हशिवाय मोटर स्पूल लावला तर लिव्हर सोडताच पंजा लोळागोळा होईल.

आमचा व्हॉल्व्ह तुकड्यातुकड्यांचा, सेक्शनल होता, त्यामुळे तिसरा तुकडा तेवढा बदलता आला. एकसंध असेल तर आख्खा बदलावा लागेल. फक्त स्पूल काढून दुसऱ्या व्हॉल्व्हचा घुसवू नका, स्पूल आणि त्याचं भोक जोडीने घासून बसवलेले असतात. नवीन पंजा बसवणार असाल तर व्हॉल्व्ह विकत घेतानाच दुकानदाराला सांगा: तिसरा मोटर स्पूलचा द्या. पुढचे सगळे हेलपाटे वाचतील.

लॉक व्हॉल्व्ह जॅकला चिकटून बसवा, मध्ये फक्त लोखंडी निपल. होजने जोडला तर तो होज फुटल्यावर लॉकचा काही उपयोग उरत नाही. दोन गोष्टी त्यासोबत येतात. लॉक केलेल्या जॅकमधला दाब आता कुठूनही सुटू शकत नाही. पंजा मिटवून त्याच्या टोकांनी माती खणायला किंवा बुंधा ढकलायला गेलात, तर ट्रॅक्टरचा सगळा जोर त्या जॅकवर येतो आणि रॉड वाकतो. पूर्वी स्पूल थोडा झिरपून माफ करायचा, आता करत नाही. शॉक रिलीफ (अचानक आलेला जादा दाब सोडणारा) असलेला लॉक व्हॉल्व्ह थोडा महाग पडतो, पण परवडत असेल तर तोच घ्या. दुसरं, माल धरलेला पंजा उन्हात उभा करून जेवायला जाऊ नका. लोखंडात कोंडलेल्या तेलाचा दाब अंशागणिक साधारण १० बारने चढतो.

बटणाने चालणारा पंजा असेल, म्हणजे बकेटच्याच लाईनवर इलेक्ट्रिक डायव्हर्टर टाकून पंज्याला तेल वळवलेलं असेल, तर तुमची खूण वेगळी: बकेट वळवली की पकड सैल होते. डायव्हर्टरही स्पूलच आहे, तोही झिरपतो. तिथे आधी वायर बघा. डायव्हर्टर चालवणारी १२ व्होल्टची कॉइल ३ अँपिअरच्या आसपास ओढते. बटण दाबलेलं असताना कॉइलच्या दोन टोकांवर मीटर लावा. ११ च्या खाली दाखवत असेल तर बहुधा अर्थ खराब आहे, स्पूल अर्ध्यातच अडकतो आणि तेल दोन्हीकडे वाटलं जातं. पेंट खरवडून अर्थ थेट बॅटरीपासून आणा. एवढ्याने नाही भागलं तर माझं मत स्पष्ट आहे: डायव्हर्टर काढा आणि वेगळी लिव्हर घ्या. दाट पऱ्हाटी उचलताना बकेट आणि पंजा एकाच वेळी चालवता आले नाहीत तर निम्मा वेळ वाया जातो.

पंजा हलला नाही, तरी माल सुटला

एवढं सगळं झाल्यावर काटा दिवसभर स्थिर होता, बुंधे व्यवस्थित जात होते, आणि तरी ड्रायव्हर म्हणाला, "पऱ्हाटी अजून गळती." मी पुन्हा व्हॉल्व्ह खोलायला निघालो होतो. मग साधी गोष्ट केली. पऱ्हाटी धरल्यावर ग्लँडला लागून रॉडवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारला आणि लोडर बांधावरून ट्रॉलीपर्यंत चालवायला लावला. तिथे पोचल्यावर टेप जिथल्या तिथे होता. पंजा एक मिलिमीटरही उघडला नव्हता. बसली होती ती पऱ्हाटी.

डिसेंबर-जानेवारीत, फरदड (कापसाचं शेवटचं जादा पीक) न घेता उपटलेली पऱ्हाटी थोडी ओली असते, चिवट असते. तीच पऱ्हाटी एप्रिलपर्यंत बांधावर पडली की वाळून पोकळ ढीग होतो. ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी काड्या एकमेकींत घुसतात, मोडतात, भारा बारीक होतो. पंजा लॉक असल्याने तो मागोमाग मिटत नाही, आणि चमचाभर तेलाची ती पकड दोन काड्या मोडल्यावर संपते. पाचटाचंही असंच होतं. यात व्हॉल्व्हचा, सीलचा, कोणाचाही दोष नाही.

इथे उपाय ड्रायव्हरच्या हातात आहे. भारा धरा, बूम फूटभर उचलून एकदा हलवा, मग लिव्हर पुन्हा क्षणभर ओढून सोडा. बांध ओलांडला की पुन्हा एकदा. क्षणभर म्हणजे रिलीफचा आवाज बदलेपर्यंत, त्याहून जास्त नाही. ट्यूबची पट्टी आम्ही काढून टाकली आणि तेव्हापासून दुपारी चारलाही टाकीला हात ठेववतो. ज्यांचं दिवसभर पाचट किंवा पऱ्हाटी एवढंच काम आहे, त्यांनी लॉक व्हॉल्व्ह आणि जॅक यांच्यामध्ये छोटा ॲक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी बाटली) लावण्याचा विचार करावा. आतला नायट्रोजन स्प्रिंगसारखा तेल ढकलत राहतो आणि भारा बसला तरी पंजा मागोमाग मिटतो. पण तो जाणकाराकडूनच लावून घ्या. इंजिन बंद केल्यावरही त्यात दाब शिल्लक राहतो, आणि लिव्हर हलवून तो उतरेलच असं नाही, कारण मध्ये लॉक आहे. त्याला दाब सोडायचा वेगळा कॉक हवाच.

पाईप आणि जोड

होज तीन सुती, तारेच्या दोन जाळ्यांचा घ्या. दोन सुती चालतो असं दुकानदार सांगेल, दाबाला तो पुरतोही, पण पंजा सावकाश चालतो आणि तेल जास्त तापतं. लांबी मोजताना घाई करू नका. आधी तात्पुरता जोडून बूम पूर्ण वर आणि पूर्ण खाली, बकेट पूर्ण आत आणि पूर्ण पालथी, पंजा उघडा आणि मिटलेला, अशा सगळ्या अवस्था हळूहळू फिरवून बघा. होज कुठेही ताणला जायला नको, बिजागरीत सापडायला नको आणि तीन सुतीला वळणाची त्रिज्या १३० मिलिमीटरच्या खाली जायला नको. दाब आल्यावर होज थोडा आखूडही होतो, चार टक्क्यांपर्यंत, म्हणून ढील ठेवा. पऱ्हाटीच्या खुंटांनी होज सोलले जातात, त्यावर जुना जाड पाईप चढवला की दोन हंगाम जातात.

बीएसपीच्या (ब्रिटिश पाईप मापाच्या) सरळ आट्यांना टेफ्लॉन टेप अजिबात गुंडाळू नका. तिथे तेल अडवतो तो डाउटी वॉशर (रबराची कड असलेला लोखंडी वॉशर), आटे नव्हे. टेपचा कपटा सुटून आत गेला की तो नेमका लॉक व्हॉल्व्हच्या गोळीखाली जाऊन बसतो. पंजा चांगला चालत असताना एके दिवशी अचानक धरेनासा झाला आणि तेल गार असतानाही काटा भराभर पडू लागला, तर स्पूल-सीलकडे जाण्याआधी लॉक व्हॉल्व्हचं कार्ट्रिज, म्हणजे गोळी-बैठकीचा आतला भाग, खोला. आधी दाब सोडा, पंजा उघडा ठेवा. कार्ट्रिज स्वच्छ डिझेलमध्ये धुवा, सुती चिंधी वापरू नका, तिचे धागे सुटतात. गोळीच्या बैठकीवर उजेडात बघा, गोल रेघ अखंड दिसली पाहिजे. कपटा, वेल्डिंगची राख किंवा होजला फिटिंग दाबून बसवताना (क्रिंप करताना) उडालेला रबराचा कीस निघेल. आमच्या कार्ट्रिजमध्ये पांढऱ्या टेपचा भाताच्या शितापेक्षाही लहान तुकडा निघाला. तो चिमट्याने काढला, ओ-रिंग नवी टाकली, परतीचा फिल्टर बदलला आणि अर्ध्या तासात लोडर शेतात होता.